पत्रे उतरविण्यापूर्वीची तपासणी

वाशीम जिल्ह्यातील जुन्या घरांवर, दुकानांवर व गोदामांवर सिमेंटचे पन्हाळी पत्रे सर्रास आढळतात. आमच्या जुन्या स्वयंपाकगृहावरही तेच आहेत. नूतनीकरणाच्या अंदाजपत्रकातील ‘ॲस्बेस्टॉस तपासणी’ या खर्चाविषयी काही देणगीदारांनी विचारणा केली, म्हणून हे निवेदन.

अशा पत्र्यांत बळकटीसाठी बहुधा सुमारे १० टक्के ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेले असतात. पत्रा शाबूत असेतो ते सिमेंटमध्ये जखडलेले राहतात. हातोडा वा ड्रिल चालविताच मात्र ते धुळीबरोबर श्वासात जाऊन फुप्फुसात रुततात. त्यातून उद्भवणारा कर्करोग दिसून येण्यास बहुधा २० ते ४० वर्षे लागतात; तोवर मजूर कोणत्या छपरावर चढला होता, हे कोणास आठवणार? ॲस्बेस्टॉस उद्योगांनी कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे जपाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. रोजंदारीवर छप्पर उतरविणाऱ्याची नोंद कोणीच ठेवीत नाही.

हे तंतू नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. पत्रा ओला करून काढलेला लहानसा तुकडा बंद पिशवीतून प्रयोगशाळेकडे जातो. तेथे तो ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. तंतू आढळल्यास पत्रे पाणी मारून, न फोडता, अखंड उतरवावे लागतात. कोरडा झाडू मुळीच चालत नाही.

रुग्णांच्या कुटुंबीयांनी घरचे शाबूत पत्रे घाबरून काढू नयेत. फुटके तुकडे गोठ्यात किंवा चुलीच्या आडोशाला मात्र वापरू नयेत.