मांडीवरच्या कुत्र्यांची कुळकथा

गेल्या वैशाखात मी लातूरकडे बहिणीच्या गावी गेलो होतो. तिचा मुलगा पुण्याला नोकरीला असतो. तो सुट्टीला आला, तो बरोबर एक पाहुणा घेऊनच. चपटे नाक, बाहेर आलेले टपोरे डोळे, कपाळावर आठ्या आणि जिलबीसारखी वळलेली शेपटी. नाव गोट्या, जात पग. वाड्यासमोर पोरांची जत्रा भरली. एकाने विचारलेही, "दादा, ह्याचं नाक कुणी ठेचलं?"

तिसऱ्या दिवशी भाचा मोटर सुरू करायला मळ्यात निघाला आणि गोट्या त्याच्या मागोमाग गेला. वीज आली नाही म्हणून भाचा थांबला. बाराच्या आतच कुत्रे बांधावर आडवे झाले. जीभ निळसर पडली, घशातून नुसती घरघर. भाच्याचे हातपाय गळाले. पण बहिणीची सासू तिथेच होती. सत्तरी उलटलेली बाई. तिने बारदान हौदात बुडवून लिंबाखाली अंथरले, कुत्र्याला त्यावर निजवले, पोटावर आणि जांघेत पाणी ओतत राहिली आणि सुनेला सुपाने वारा घालायला लावले. अर्ध्या तासाने गोट्याने मान उचलली. "म्हशीला ऊन लागलं तर पाण्यातच घालतो न्हवं? ह्याला काय निराळं?" एवढेच ती म्हणाली.

संध्याकाळी तालुक्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. ते म्हणाले, दोष उन्हाचा आहे तसा नाकाचाही आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकल्या की तोंडातली ओल उडते आणि त्याचे अंग निवते. ज्याचे तोंड लांब, त्याला हे सोपे. पगचे तोंड माणसाने पिढ्यान्‌पिढ्या आखूड करत आणले, पण आतले मांस तेवढेच राहिले. त्यामुळे हवेची वाट अरुंद. पुण्यात पंख्याखाली ते भागते, वैशाखातल्या बांधावर भागत नाही.

तेव्हापासून मला ह्या लहान कुत्र्यांचे कुतूहल लागले. तुमच्याकडेही हल्ली कुणाचा मुलगा, कुणाची नात असे एखादे पिल्लू घेऊन येत असेल, आणि पुढे बदली झाली की ते आजी-आजोबांच्या ओसरीवर राहत असेल. बैल घेताना आपण त्याची खिलार, देवणी अशी जात पाहतो, दात पाहतो, चाल पाहतो. कुत्र्याचे मात्र फक्त तोंड पाहतो. म्हणून हा खटाटोप.

सगळी कुत्री मूळची लांडग्याच्या कुळातली, मग ते गावठी असो की पदराखाली मावणारे असो. अंगाने लहान असण्याचे एक मोठे कारण वाढीच्या एका जनुकात आहे, असे 2007 साली शास्त्रज्ञांना आढळले. 2022 साली तर त्या जनुकाचे लहान अंगाचे रूप पन्नास हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका लांडग्यातही सापडले. म्हणजे बी निसर्गाचेच होते. माणसाने ते निवडून पेरले, आपण जोंधळ्याचे कणीस बियाण्याला राखतो तसे.

पग मूळचा चीनचा. तिथल्या राजवाड्यांत तो लाडाने वाढला. पुढे डच व्यापाऱ्यांच्या गलबतांतून हॉलंडला गेला आणि तिथल्या ऑरेंज राजघराण्याचा आवडता झाला. 1572 साली स्पॅनिश फौजेने रात्री छापा घातला, तेव्हा राजपुत्र विल्यमला त्याच्या कुत्र्याने नखांनी ओरबाडून जागे केले, अशी तिकडे आख्यायिका आहे. डेल्फ्ट गावातल्या त्याच्या समाधीवर पायाशी दगडी कुत्रेही कोरले आहे. ते कुत्रे पगच होते, असे पगवाले छातीठोकपणे सांगतात. आपण तो वाद त्यांच्यावर सोपवू. आपल्या देशात पगची लाट आली ती मात्र 2003 सालच्या एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीने. मुलाच्या मागे मागे चालणारे ते कुत्रे घराघरांत दिसले आणि पिल्लांना मागणी आली. पगचा स्वभाव खरोखरच गोड. पोरांत मिसळतो, फारसा भुंकत नाही, खाण्याला मात्र हावरा. राखणीला त्याचा उपयोग नाही. चोरालाही तो शेपूट हलवून या म्हणेल.

पगचा चिनी भाऊबंद म्हणजे पेकिंगीज. त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. हे कुत्रे बादशाही वाड्याबाहेर सहसा जात नसे. काही तर इतके लहान, की दरबारी लोक अंगरख्याच्या घोळदार बाहीत घालून फिरवत. 1860 च्या ऑक्टोबरात इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा बादशहाचा उन्हाळी वाडा लुटला आणि नंतर लॉर्ड एल्गिनच्या हुकुमाने इंग्रजांनी त्याला आग लावली. त्या धामधुमीत वाड्यात पाच पेकिंगीज सापडली. त्यांतले एक कॅप्टन डन नावाच्या अधिकाऱ्याने विलायतेला नेऊन व्हिक्टोरिया राणीला नजर केले. त्या कुत्रीचे नाव काय ठेवले असेल? लूटी! इंग्रजांनी 'लूट' हा शब्द आपल्याच देशातून उचललेला, आणि लुटीत मिळालेली म्हणून ती लूटी. 1872 सालापर्यंत ती जगली. हाच एल्गिन पुढे 1862 साली हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होऊन आला आणि 1863 साली हिमालयात धरमशाळेला वारला. पेकिंगीजचा तोरा अजून बादशाही आहे. हाक मारली तर तो आधी विचार करतो, मग आला तर येतो. नाक पगसारखेच, वर अंगभर केस. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याला आणणे म्हणजे हालच.

धरमशाळेवरून आठवले. तिबेटी निर्वासितांचे ते गाव, आणि तिबेटचे कुत्रे म्हणजे ल्हासा आप्सो. मठाच्या बाहेर अवाढव्य तिबेटी मॅस्टिफ बांधलेला आणि आत हा वीतभर उंचीहून थोडा मोठा पहारेकरी. अनोळखी पाऊल वाजले की हा भुंकून उठवणार, मग पुढचे काम मॅस्टिफचे. ही कुत्री विकत नसत, मानाची भेट म्हणून देत. तेराव्या दलाई लामांनी 1933 साली कटिंग नावाच्या अमेरिकी गृहस्थांना अशी जोडी दिली आणि तिकडे ही जात रुजली. ल्हासाचा कान तिखट, स्वभाव संशयी. घरच्या माणसांवर जीव, परक्याला जवळ येऊ देणार नाही. मांडीवरचा असला तरी तो हाडाचा राखणदार आहे. अडचण एकच, ते जमिनीवर लोळणारे केस. एकदा गवतातून फिरून आला की अंगभर कुसळे आणि गोखरू. कुसळ कानात शिरले तर कान पिकतो. खेड्यात ठेवायचाच तर केस बारीक कापून ठेवावेत आणि रोज कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड पाहावेत. शिह त्झू हा त्याचाच तिबेटी-चिनी नातलग. दिसायला सारखा, स्वभावाने मऊ.

आता आपल्या ओळखीचा पॉमेरियन. बाल्टिक समुद्राच्या काठी पोमेरेनिया नावाचा मुलूख आहे, आज त्याचा काही भाग जर्मनीत आणि बराचसा पोलंडमध्ये. तिथली ही कुत्री पूर्वी चांगली दांडगी होती. 1888 साली व्हिक्टोरिया राणीने इटलीतल्या फ्लॉरेन्सहून मार्को नावाचा अंगाने लहान कुत्रा आणला. राणीला लहान आवडतो म्हटल्यावर सगळ्यांना लहानच हवा झाला आणि बघता बघता जात आकसली. 1901 साली राणीने डोळे मिटले, तेव्हा तिचा टुरी नावाचा पॉमेरियन बिछान्यावर तिच्याजवळ होता. पण थांबा. आपल्या तालुक्याच्या गावी पांढराशुभ्र, टोकदार तोंडाचा जो 'पामेरियन' दिसतो, तो बहुधा पॉमेरियन नसतोच. तो इंडियन स्पिट्झ. इंग्रजांच्या काळात आलेल्या कुत्र्यांपासून इथेच वाढलेली ही जात. 1994 सालच्या 'हम आपके हैं कौन' चित्रपटातला टफी आठवा, तोच हा. इथल्या हवेला रुळलेला, तोंड लांब असल्याने धापेला कमी पडत नाही, दहीभाताची सवयही लवकर होते. भुंकतो मात्र फार. शेजारी भांडकुदळ असेल तर विचार करून आणा.

मेक्सिकोचा चिव्हावा सर्वांत लहान, तीन किलोच्याही आत. तळहातावर बसतो आणि लांडग्यावरही गुरगुरतो. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत रागीट कुत्र्यांत चिव्हावा आणि डॅशहंड ही दोन लहान कुत्रीच वरच्या ओळीत निघाली. लहान म्हणून लोक हसून सोडून देतात आणि त्यांना चावायची खोड लागते. डॅशहंड तर मुळात मांडीवरचा नव्हेच. जर्मनीत बॅजर नावाच्या बीळ करणाऱ्या जनावराच्या शिकारीसाठी त्याचे पाय आखूड आणि अंग लांब केले. बीळ दिसले की तो उकरणार, मग ते उंदराचे असो की तुम्ही नुकतीच लावलेली मिरची असो. त्याची पाठ नाजूक. ओट्यावरून, मोटारसायकलवरून उडी मारू देऊ नये.

मला ह्या सगळ्यांत आवडला तो यॉर्कशायर टेरियर. आज रेशमी केसांना फिती बांधून मिरवतो, पण घराणे कष्टकऱ्यांचे. इंग्लंडच्या उत्तरेकडील कापड गिरण्यांत उंदीर मारायला कामगारांनी तो पाळला. ह्याच जातीची स्मोकी नावाची कुत्री 1944 साली न्यू गिनीच्या जंगलात एका खड्ड्यात सापडली आणि बिल विन नावाच्या अमेरिकी सैनिकाने तिला सांभाळले. फिलिपिन्समध्ये धावपट्टीखालून तारायंत्राची तार न्यायची होती. 70 फूट लांब, 8 इंच रुंद नळी, त्यात माती साचलेली. धावपट्टी खणायची तर विमाने उघड्यावर पडणार. स्मोकीच्या गळपट्ट्याला दोरी बांधली, विन पलीकडच्या तोंडाशी बसून हाका मारत राहिला आणि पावणेदोन किलोची ती कुत्री तार ओढत पलीकडे निघाली.

पाळणाऱ्यांसाठी दोनचार गोष्टी सांगतोच. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षवाल्यांनी विशेष ऐकावे. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. मोठ्या कुत्र्याला कदाचित पचेल ते तीन किलोच्या जिवाला मारू शकते. कांद्याने त्याच्या रक्तातल्या पेशी फुटतात, म्हणून रश्श्याची भाकरी नको. पगच्या मादीची वीण बहुधा अडते, पिल्लाचे डोके मोठे असते, तेव्हा डॉक्टरांची सोय नसेल तर पैदाशीच्या भानगडीत पडू नये. रेबीजची लस तीन महिन्यांच्या पिल्लाला टोचावी आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दर वर्षी. पिल्लू कितीही गोजिरे असो, दात लागला, नुसते खरचटले, तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद-चुना लावून बसू नये.

भाच्याला ह्या पावसाळ्यात बंगळूरला जावे लागले. गोट्या लातूरकडेच राहिला. परवा बहिणीचा फोन आला होता. म्हणाली, दहाचे ऊन वाड्यात आले, की तो स्वतःच उठून न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर जाऊन पडतो. आणि उन्हाळ्यातले ते बारदान सासूबाई कुणालाच धान्याला वापरू देत नाहीत.