'रक्त पातळ करणारी गोळी' : हृदयविकारावरील औषधांचे उपयोग व दुष्परिणाम

प्रस्तावना

मध्य रेल्वेने कल्याण सोडले की कर्जतच्या दिशेने पहिले स्थानक लागते ते विठ्ठलवाडीचे. कल्याण पूर्व आणि उल्हासनगर यांच्या सीमेवरच्या या वस्तीतून मुंबईला नोकरीसाठी जाणारा माणूस एका वेळेस ५० किलोमीटरांहून अधिक अंतर कापतो. पहाटे घर सोडतो आणि रात्री परततो. अशा माणसाला पन्नाशीच्या आसपास हृदयविकाराचा झटका येतो, अँजिओप्लास्टी होते आणि रुग्णालयातून घरी येताना त्याच्या पिशवीत पाच-सहा प्रकारच्या गोळ्या असतात. त्यांतील निदान दोन गोळ्यांची ओळख त्याला एकाच शब्दप्रयोगाने करून दिलेली असते, ती म्हणजे 'रक्त पातळ करण्याची गोळी'. हा शब्दप्रयोग सोयीचा आहे, पण अचूक नाही. आणि औषधे घेण्यातील अनेक घातक चुका त्याच्यातूनच उद्भवतात. प्रस्तुत लेखात या औषधांचे कार्य, त्यांचे दुष्परिणाम आणि त्यांविषयीचे रूढ समज यांचा विचार केला आहे.

या प्रश्नाला अलीकडच्या काळात अधिक महत्त्व आले आहे. महाराष्ट्र शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये काही जिल्ह्यांत सुरू झाली व २०१३ मध्ये सर्व राज्यात लागू झाली. पुढे तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपयांच्या आसपास आणि साध्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरवून दिली. त्यामुळे स्टेंट अनेक कुटुंबांच्या आवाक्यात आला. परंतु स्टेंट बसवणे हे एका दिवसाचे काम आहे, तर तो मोकळा राखणे हे रोजचे; आणि ते काम शल्यगृहात होत नसून घरातील फडताळावर ठेवलेल्या डब्यातून होते.

'पातळ' होते ते काय?

रक्ताचा दाटपणा या गोळ्यांनी बदलत नाही. रक्तात रक्तपट्टिका, म्हणजे बोलण्यातील प्लेटलेट, असतात. रक्तवाहिनीला जखम झाली की त्या तेथे चिकटतात, एकमेकींना रासायनिक संदेश पाठवतात आणि त्यांची गुठळी बनते. बोट कापल्यावर रक्त थांबते ते यामुळे. हृदयाच्या धमनीत साचलेला मेदाचा थर फुटतो तेव्हाही रक्तपट्टिका हेच करतात. बाहेरची जखम आणि आतील फाटलेला थर यांत त्यांना फरक करता येत नाही. बोटावर जे रक्षण ठरते तेच हृदयात अडथळा ठरते.

ॲस्पिरिन हा संदेश अडवते. थ्रॉम्बॉक्सेन नावाचे रसायन तयार करणारे विकर ते कायमचे निकामी करते. रक्तपट्टिकेला केंद्रक नसल्यामुळे तिला नवे विकर घडवता येत नाही; म्हणून तिचे ७ ते १० दिवसांचे आयुष्य संपेपर्यंत ती तशीच राहते. एवढ्यासाठी ७५ मिलिग्रॅमची लहान मात्रा पुरते, आणि एवढ्याचसाठी ती रोज घ्यावी लागते, कारण नव्या रक्तपट्टिका रोज तयार होत असतात. ॲस्पिरिन १८९९ पासून बाजारात असले तरी त्याच्या कार्याचा उलगडा जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये केला. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आयसिस-२' या चाचणीत १७,१८७ रुग्णांचा अभ्यास झाला. झटका आल्यानंतर महिनाभर दिलेल्या ॲस्पिरिनमुळे पहिल्या पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी घटले. इतक्या स्वस्त औषधाने इतका लाभ दिल्याची उदाहरणे वैद्यकात फार नाहीत.

क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल आणि टिकाग्रेलॉर ही औषधे रक्तपट्टिकेवरील दुसरा संदेशमार्ग बंद करतात. म्हणून स्टेंटनंतर ॲस्पिरिनच्या जोडीला त्यांपैकी एक देतात. क्लोपिडोग्रेलला यकृतातील एका विकराकडून कार्यक्षम रूप मिळावे लागते. हे विकर जन्मतः दुबळे असणाऱ्यांचे प्रमाण भारतीयांत युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा अधिक आहे. अशांना या गोळीचा गुण कमी येतो. आम्लपित्तासाठीचे ओमेप्राझोल त्याच विकराला अडवते, म्हणून सोबत बहुधा पॅन्टोप्राझोल दिले जाते. प्रासुग्रेल अधिक प्रभावी आहे, पण ६० किलोपेक्षा कमी वजनाच्या आणि ७५ वर्षांवरील व्यक्तींत रक्तस्राव अधिक होतो, आणि पूर्वी पक्षाघात झालेल्यांना ते देतच नाहीत. साठ किलोंची ही मर्यादा पाश्चात्त्य रुग्णांत अपवादाची वाटेल. आपल्याकडील अनेक स्त्रियांचे, आणि पुष्कळ पुरुषांचेही, वजन तिच्या आतच असते.

वॉर्फरिन व ॲसेनोकूमारॉल ही औषधे मात्र निराळ्या जातीची आहेत. ती रक्तपट्टिकांवर नव्हे, तर 'के' जीवनसत्त्वावर अवलंबून असणाऱ्या गोठणघटकांवर कार्य करतात. कृत्रिम झडप बसवलेल्या किंवा हृदयाची लय बिघडलेल्या रुग्णांना ती दिली जातात. पालेभाज्यांचे पथ्य लागू आहे ते यांना, आणि तेही मेथी-पालक वर्ज्य करण्याचे नसून त्यांचे प्रमाण रोज सारखे ठेवण्याचे. शेजाऱ्याचे ऐकून क्लोपिडोग्रेल घेणारा रुग्ण भाजी सोडतो, आणि वॉर्फरिन घेणारा नियमित रक्ततपासणी टाळतो. दोघांच्याही गोळीचे नाव घरात एकच असते!

रक्तस्राव : कोणता सोसावा, कोणता नाही

रक्तपट्टिका अडवल्या की रक्त उशिरा थांबणारच. दाढी करताना कापल्यावर थोडा अधिक वेळ रक्त येणे, नकळत लागून कातडीखाली निळसर डाग पडणे, हिरड्यांतून किंचित रक्त येणे हे गोळी काम करीत असल्याचे चिन्ह होय. डॉक्टरांना सांगावे, गोळी थांबवू नये. डांबरासारखी काळी शौचास होणे, रक्ताची उलटी, अचानक तीव्र डोकेदुखी किंवा बोलण्यात अडखळणे यांची गोष्ट वेगळी. तेव्हा तातडीने रुग्णालय गाठले पाहिजे.

पोटातील रक्तस्रावाबद्दल एक गैरसमज सुशिक्षितांतही आढळतो. आवरण असलेली ॲस्पिरिनची गोळी पोटाला बाधत नाही, असे मानले जाते. आवरणामुळे जळजळ कमी होते हे खरे. परंतु जठराच्या अस्तराचे रक्षण करणारी द्रव्ये ॲस्पिरिन रक्तामार्गे कमी करते, त्यामुळे व्रणाचा धोका आवरणाने टळत नाही. गुडघेदुखीसाठी दुकानातून स्वतःच आणलेल्या आयब्युप्रोफेन वा डायक्लोफिनॅकने तो धोका वाढतो. शिवाय आयब्युप्रोफेन आधी घेतल्यास ॲस्पिरिनची विकरावरील जागा अडते, म्हणजे हानी वाढते आणि लाभही घटतो.

सर्वांत गंभीर चूक घडते ती दात काढण्याच्या वेळी. 'रक्त पातळ आहे, दात काढायचा आहे, म्हणून आठ दिवस गोळ्या बंद' हा निर्णय रुग्ण पुष्कळदा आपणच घेतो. साध्या दंतोत्पाटनासाठी या गोळ्या सामान्यतः बंद कराव्या लागत नाहीत; दाब, टाका व स्थानिक उपायांनी रक्त थांबवता येते. दुसरीकडे, स्टेंटच्या धातूवर धमनीचे अस्तर पुरते वाढलेले नसताना दोन्ही गोळ्या सुटल्या तर स्टेंटमध्ये अकस्मात गुठळी होऊ शकते, आणि अशा झटक्यातून पुष्कळ रुग्ण वाचत नाहीत. हिरडीतून वाहणारे रक्त डोळ्यांना दिसते, धमनीत धरणारी गुठळी दिसत नाही. म्हणून भीती चुकीच्या जागी बसते. झटक्यानंतरच्या स्टेंटसाठी दोन गोळ्यांचा काळ साधारणतः १२ महिने, स्थिर रुग्णात सुमारे ६ महिने असतो; रक्तस्रावाची शक्यता पाहून तो कमी-अधिक केला जातो. तो ठरवणे हृदयरोगतज्ज्ञाचे काम आहे, दंतवैद्याचे नाही आणि घरच्यांचे तर नाहीच.

पावसाळ्यात कल्याण-उल्हासनगर पट्ट्यात डेंग्यूचे रुग्ण वाढतात तेव्हा हा पेच अधिक कठीण होतो. डेंग्यूत रक्तपट्टिकांची संख्या घटते आणि उरलेल्या औषधाने मंदावलेल्या असतात. तापासाठी पॅरासिटामॉलशिवाय अन्य वेदनाशामक घेऊ नये, हे निश्चित. स्टेंटच्या गोळ्यांचे काय करावे हे मात्र रक्तपट्टिकांचा आकडा, रक्तस्रावाची लक्षणे आणि स्टेंट बसवून झालेला काळ पाहून ठरते. स्वतः बंद करणे आणि न सांगता चालू ठेवणे, दोन्ही सारखेच धोक्याचे.

सोबतच्या गोळ्या

हृदयरुग्णाच्या इतर औषधांचे दुष्परिणाम सहसा जीवघेणे नसतात, पण गोळी सुटण्यास बहुधा तेच कारण होतात. रामिप्रिल, एनालाप्रिल या वर्गातील औषधांनी काहींना कोरडा, चिवट खोकला लागतो. तासामागून तास बोलणाऱ्या प्राध्यापकास तो असह्य होतो. तो कफाची औषधे घेतो, छातीची क्ष-किरण तपासणी करतो, आणि रक्तदाबाच्या गोळीवर संशय येण्यास महिने लागतात. टेल्मिसार्टनसारखा पर्याय दिल्यावर खोकला बहुधा थांबतो. टिकाग्रेलॉरने काहींना धाप लागल्यासारखे वाटते. २००९ च्या 'प्लेटो' चाचणीत असे १३.८ टक्के रुग्णांत, तर क्लोपिडोग्रेल घेणाऱ्या ७.८ टक्क्यांत आढळले. बीटा-रोधकांनी नाडी मंदावते व थकवा येतो. स्टॅटिनमुळे स्नायू दुखू शकतात, मात्र या तक्रारींपैकी बऱ्याच औषधाविना येणाऱ्याच असतात.

फ्युरोसेमाइडसारख्या मूत्रल गोळीची अडचण वैद्यकीय पुस्तकांत एका ओळीत उरकली जाते. गोळीनंतर तासाभरात लघवीची घाई सुरू होते, आणि उपनगरी गाडीच्या डब्यात प्रसाधनगृह नसते. विठ्ठलवाडीहून निघालेला हृदय-अकार्यक्षमतेचा रुग्ण ही गोळी सकाळी टाळतो यात हलगर्जीपणा नाही, व्यवहार आहे. तीन तास पर्यवेक्षण करणाऱ्या शिक्षकाचेही तेच. हे डॉक्टरांना सांगितले तर गोळीची वेळ बदलून देता येते; न सांगितल्यास पायांवर सूज चढत जाते आणि रात्री आडवे होता येत नाही.

जिभेखाली ठेवण्याची सॉर्बिट्रेट रक्तवाहिन्या सैल करते आणि रक्तदाब झपाट्याने उतरवते. ती बसूनच घ्यावी. गर्दीत दाराशी उभ्याने घेतल्यास भोवळ येऊन पडण्याचा धोका असतो. सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तासांत, आणि टाडालाफिल घेतल्यापासून ४८ तासांत, ती घेणे प्राणावर बेतू शकते. संकोचापोटी ही माहिती दडवली जाते, म्हणून डॉक्टरांनीच ती विचारून घ्यावी हे बरे.

मुंबईच्या वैद्यकीय इतिहासात याचे एक जुने उदाहरण आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. तिच्यापासून वेगळे काढलेले रेसर्पिन पुढे सर्वत्र वापरले गेले, तेव्हा काही रुग्णांत नाक चोंदणे आणि खिन्नता दिसू लागली. रक्तदाबाच्या गोळीने मन उदास होईल, अशी शंका रुग्णाला कशी यावी?

निरोगी माणसाने ॲस्पिरिन घ्यावे काय?

चाळिशी उलटली की रोज एक ॲस्पिरिन, हा सल्ला एके काळी सर्रास दिला जाई. २०१८ मधील चाचण्यांनी त्याला धक्का दिला. १५,४८० मधुमेही व्यक्तींच्या 'असेंड' चाचणीत हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना ९.६ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आल्या, पण मोठा रक्तस्राव ३.२ वरून ४.१ टक्क्यांवर गेला. लाभ आणि हानी जवळजवळ फिटली. ज्यांना झटका, पक्षाघात वा स्टेंट यांपैकी काही झालेले नाही त्यांनी हे औषध आपणहून सुरू करू नये. साठीनंतर तर नाहीच. ज्यांना झाले आहे त्यांना हा निष्कर्ष लागू नाही. वर्तमानपत्रातील मथळा वाचून गोळी सोडणाऱ्यांत मात्र तेच अधिक असतात.

प्रवासी रुग्णासाठी

२६ जुलै २००५ च्या पुरात लोकल गाड्या जागीच थांबल्या आणि असंख्य प्रवासी दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली व हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. या मार्गावरील हृदयरुग्णाने दोन-तीन दिवसांच्या गोळ्या कागदी पुडीत न ठेवता मूळ पट्टीसह जवळ बाळगाव्यात. खिशात एक चिठ्ठीही असावी : औषधांची मूळ नावे व मात्रा, स्टेंट कोणत्या तारखेस व कोठे बसवला, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, आणि दोन दूरध्वनी क्रमांक, एक घरचा व एक डॉक्टरांचा. एक मात्रा चुकल्यास आठवताच घ्यावी. पुढील मात्रेची वेळ जवळ आली असल्यास दुप्पट घेऊ नये.