स्त्री-स्त्री संबंध आणि संसर्गाचे भय

ज्या स्त्रीचा शरीरसंबंध केवळ स्त्रीशीच येतो तिला गुप्तरोगाचे भय नाही, असा समज चांगल्या शिकल्यासवरल्या मंडळींतही आढळतो. इंग्लंडमध्ये तर समलैंगिक स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या तपासणीची जरूर नाही, असे कित्येकदा दवाखान्यांतूनच सांगितले गेले. तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवा आता नेमके याच्या उलट सांगते.

याचे कारण डॉक्टर ज्याला एचपीव्ही म्हणतात तो विषाणू. गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमी यामुळेच होतो. हे नाते उलगडणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू त्वचेला त्वचा लागून पसरतो. त्याला पुरुषाची गरज नाही. तो शिरल्याचे कळतही नाही. बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप नाहीसा होतो. ज्यांच्यात ठाण मांडतो, त्यांपैकी काहींना पुढे कर्करोग होतो. त्याला बहुधा पंधरा-वीस वर्षे लागतात. रोग वेळीच पकडायला एवढा अवधी पुष्कळ झाला; मात्र कोणी तपासले तर!

हर्पीज आणि उपदंश हेही स्पर्शाने व मुखावाटे लागतात. एचआयव्हीचा धोका फारच थोडा आहे. तथापि एका स्त्रीकडून दुसरीला तो झाल्याचे टेक्सासमधील एक उदाहरण अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१४ साली प्रसिद्ध केले. योनीतील जंतूंचा समतोल बिघडून स्राव व दुर्गंधी येण्याचा विकार अशा जोडप्यांत पुष्कळदा दोघींनाही आढळतो. वापरायची साधने धुतलेली असावीत, ती एकमेकींत बदलू नयेत, आणि व्रण असताना संबंध टाळावा.

खरी अडचण निराळीच आहे. "लग्न झाले आहे का?" एवढा एकच प्रश्न विचारून आपल्याकडील डॉक्टर पुष्कळदा पुढचे सारे ठरवतात. 'नाही' म्हटले की विषय संपला. उलट, घरच्यांच्या आग्रहाने ज्यांचा विवाह झाला, किंवा ज्यांना स्त्री व पुरुष दोघांविषयीही ओढ वाटते, त्यांच्या बाबतीत पूर्वीचा संबंधही हिशेबात धरावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली समलैंगिक संबंध गुन्ह्यातून वगळले, तरी संकोच काही कायद्याने जात नाही. वैद्याची खोली हे न्यायासन नव्हे, की पापनिवेदनाची जागाही नव्हे. तेथे विचारणाऱ्याने सरळ विचारावे आणि सांगणारीला निर्भयपणे सांगता यावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे तिसाव्या वर्षापासून दर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्हीची चाचणी करावी. ही शिफारस करताना स्त्रीचा जोडीदार कोण, हे संघटना पाहत नाही. लस नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना देणे उत्तम. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ साली बाजारात आली. आणि ज्या स्त्रीला परक्यासमोर तपासणीची लाज वाटते, तिला या चाचणीचा नमुना स्वतःच्या हातानेही घेता येतो.