जीभ तोंडात मावत नाही तेव्हा

नवरात्रात कोराडीला जगदंबेच्या दर्शनाला मोठी गर्दी होते. त्या गर्दीत एखादे लेकरू असे असते, की त्याची जीभ तोंडात मावत नाही. लाळ गळते. माय पदराने पुसत राहते. शेजारची बाई कुजबुजते, "मायनं गिरानात काही कापलं असन." दुसरी म्हणते, "देवीचा कोप!"

आम्ही सांगतो, तसे काही नसते. हा आजार आहे. त्यात मायचा दोष नाही.

आपल्या अंगात रक्ताच्या नळ्या असतात. तशाच पाण्यासारखा रस वाहून नेणाऱ्या बारीक नळ्याही असतात. मूल पोटात असतानाच कधी जिभेतल्या या नळ्या नीट जुळत नाहीत. पाट तुंबला की पाणी साचते ना? तसा रस साचतो आणि गाठ होते. जिभेवर बारीक फोड दिसतात. सर्दी-ताप आला की जीभ जास्तच सुजते.

ही गाठ कॅन्सरची नव्हे. पण ती मोठी झाली तर मुलाला चावता येत नाही, नीट बोलता येत नाही. दात पुढे येतात. कधी श्वासही अडतो.

यावर उपाय आहे. काही गाठींत डॉक्टर सुईने औषध सोडतात. त्याने गाठ आकसते. जीभ फारच मोठी असेल तर ऑपरेशन करतात. आधी भूल देतात. श्वासासाठी नळी घालतात. मग जिभेच्या पुढच्या भागातून पाचरीसारखा तुकडा काढतात आणि कडा जुळवून टाके घालतात.

मग चव जाते का? बहुधा नाही. चव जिभेच्या मागच्या भागालाही कळते. काही दिवस सूज राहते. तोवर पातळ अन्न द्यावे लागते. पुढे बोलण्याचा सराव करावा लागतो. गाठ पुन्हा वाढू शकते, म्हणून तपासणी चुकवू नये.

घरी डाग देऊ नका, ब्लेड लावू नका. जिभेत रक्त फार असते. ते थांबता थांबत नाही.

अंगणवाडीत व शाळेत मुलांना तपासायला सरकारी डॉक्टर येतात. हा कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यांना मूल दाखवा. किंवा नागपूरला मेडिकलमध्ये न्या. ते १९४७ पासून आहे.

मोठ्या माणसाच्या जिभेवर नवी गाठ आली किंवा जखम भरत नसली, तर ती कॅन्सरचीही असू शकते. खर्रा खाणाऱ्याने तर मुळीच थांबू नये.

नवस करायचा तर खुशाल करा. पण लेकराला आधी डॉक्टरला दाखवा.