पडद्यावरची झेप आणि आकाशातले एक मिनिट

चित्रपटांतील बहुतेक साहसदृश्ये दोरांच्या आधाराने, रंगवलेल्या पार्श्वभूमीवर किंवा अलीकडे संगणकावर घडवली जातात. विमानातून उडी मारून काही काळ मोकळ्या हवेत पडत राहायचे आणि मग पॅराशूट उघडायचे हा खेळ, म्हणजे स्कायडायव्हिंग, याला बराच काळ अपवाद ठरला आहे. या खेळाची गाजलेली दृश्ये टिपताना माणसे खरोखर विमानाच्या दारातून बाहेर पडली होती, आणि त्यांच्याबरोबर पडणाऱ्या छायाचित्रकाराच्या शिरस्त्राणावर खरा कॅमेरा बसवलेला होता. त्यामुळे या चित्रपटांची पारख करताना दृश्य खरे की बनावट, एवढे विचारून भागत नाही. शरीर खरे पडत असले तरी पतनाला किती वेळ लागतो, धोका नेमका कुठे असतो आणि हा खेळ खेळणारी माणसे आपला दिवस कसा घालवतात, या तीन बाबतींत पडदा वास्तवापासून कमीअधिक दूर सरकतो. काळाची मोडतोड कथेच्या गरजेपोटी होते आणि ती क्षम्य मानता येते. धोक्याविषयीची दिशाभूल मात्र गंभीर आहे, कारण या खेळाविषयीची सर्वसामान्यांची समज मुख्यतः चित्रपटांवरच पोसलेली आहे.

काळाचा हिशेब सोपा आहे. हौशी उडी साधारणतः 13,000 फुटांवरून मारली जाते. विमान सोडल्यावर पहिले 1,000 फूट कापायला सुमारे 10 सेकंद लागतात. तोवर हवेचा विरोध आणि शरीराचे वजन यांचा तोल साधला जाऊन वेग ताशी सुमारे 190 किलोमीटरवर स्थिरावतो, ज्याला अंतिम वेग म्हणतात, आणि त्यानंतरच्या प्रत्येक 1,000 फुटांना साडेपाच सेकंद पुरतात. पॅराशूट 3,500 फुटांच्या आसपास उघडायचे धरले, तर हाती उरते ते जेमतेम एक मिनिट. पडद्यावर मात्र याच एका मिनिटात पाठलाग होतो, झटापट होते, समेट होतो आणि प्रेमाची कबुलीही दिली जाते. शिवाय ही सारी माणसे एकमेकांशी बोलतात. ताशी 190 किलोमीटरच्या वाऱ्याच्या घोंगावण्यात शेजारच्याची आरोळीही ऐकू येत नसल्यामुळे प्रत्यक्षात प्रशिक्षक आणि शिकाऊ हाताच्या ठरीव खुणांनी, नजरेने आणि फार तर मानेच्या हालचालीने संवाद साधतात. 

दुसरा एक भ्रम कॅमेऱ्याच्या जागेतून जन्माला येतो. पॅराशूट उघडताच माणूस झपकन वर खेचला जातो असे चित्रपटांत दिसते, आणि पुष्कळ प्रेक्षकांना ते खरे वाटते. वस्तुतः तो खालीच येत असतो, फक्त त्याचा वेग काही सेकंदांत एकदम घटतो. त्याचे चित्रण करणारा मात्र अजून पूर्ण वेगाने पडत असल्यामुळे दोघांमधले अंतर वाढते आणि पडद्यावर ते अंतर चढण झाल्यासारखे भासते. या दृश्यात कोणतीही लबाडी नाही, तरीही त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा असतो.

खऱ्या उड्यांवर उभ्या राहिलेल्या दृश्यांत 1979 च्या ‘मूनरेकर’ या बॉन्डपटाच्या सुरुवातीचे स्थान फार वरचे आहे. जेम्स बॉन्डला पॅराशूटविना विमानातून ढकलले जाते, आणि तो हवेतच वैमानिकाला गाठून त्याचे पॅराशूट हिसकावून घेतो. हे घडवण्यासाठी जेक लोम्बार्ड, बी. जे. वर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 88 उड्या मारल्या, कारण एका उडीतून कामाचे चित्रण मिळे ते काही सेकंदांचेच. अंगावरच्या कोटाखाली अतिशय पातळ बांधणीचे पॅराशूट लपवले होते आणि हिसकावले जाणारे पॅराशूट वरून चढवलेले होते. आधी उडी मारलेल्या माणसाला मागून येऊन गाठणे ही कल्पना येथे मुळीच अतिशयोक्त नाही. पोट जमिनीकडे ठेवून, हातपाय पसरून पडणाऱ्यापेक्षा डोके खाली करून शरीर बाणासारखे सरळ ठेवणारा पुष्कळ वेगाने पडतो, आणि खांदे, हात, गुडघे यांच्या किंचित हालचालींनी दिशाही बदलू शकतो. प्रेक्षकाला अविश्वसनीय वाटणारा भाग बहुधा खरा असतो आणि सहज पटणारा भाग, उदाहरणार्थ संभाषण, बहुधा खोटा असतो, हे या प्रकारच्या चित्रपटांचे लक्षणच म्हणावे लागेल.

कॅथरीन बिगेलो यांचा ‘पॉइंट ब्रेक’ (1991) याच कसोटीवर तपासण्याजोगा आहे, कारण या खेळाची लोकमानसातली प्रतिमा त्याच्याइतकी अन्य कोणत्याही चित्रपटाने घडवली नसेल. बँका लुटणाऱ्या लाटास्वारांच्या टोळीत शिरलेला एफबीआयचा तरुण अधिकारी आणि त्या टोळीचा बोधी नावाचा म्होरक्या यांची ही कथा. बोधीची भूमिका करणाऱ्या पॅट्रिक स्वेझी यांनी स्वतः उड्या मारल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद खोटा नाही. शेवटाकडे अधिकारी पॅराशूटविना, हातात पिस्तूल घेऊन बोधीच्या मागे उडी टाकतो, त्याला हवेत गाठतो आणि त्याला बिलगून एकाच पॅराशूटखाली खाली येतो. यातले गाठणे शक्य आहे. बिलगून राहणे जवळपास अशक्य आहे. पॅराशूट उघडताना वेग अचानक घटल्याने शरीरावर त्याच्या वजनाच्या कित्येक पट ताण येतो आणि तो केवळ हातांच्या पकडीने पेलणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. दोघांनी एका पॅराशूटखाली उतरण्याची जी पद्धत 1980 च्या दशकात रूढ झाली, जिला टँडम म्हणतात आणि जिच्यामार्गेच बहुसंख्य नवखे आज पहिली उडी अनुभवतात, तिच्यात पाहुण्याचा पट्टा प्रशिक्षकाच्या पट्ट्याला धातूच्या आकड्यांनी जखडलेला असतो, मुख्य पॅराशूट बरेच मोठे असते, आणि दोघांच्या एकत्रित वजनामुळे वेग बेसुमार वाढू नये म्हणून पतनाच्या काळात एक लहान छत्री मागे सोडून ठेवलेली असते. एवढी सगळी व्यवस्था ज्या कामासाठी लागते, ते काम चित्रपटाचा नायक दोन हातांवर निभावून नेतो.

1994 मध्ये हॉलिवूडने या विषयावर दोन चित्रपट एकाच वर्षी काढले. ‘टर्मिनल व्हेलॉसिटी’मध्ये विमानातून खाली पडणाऱ्या मोटारीच्या सामानकप्प्यात अडकलेल्या नायिकेची हवेतच सुटका होते, त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. ‘ड्रॉप झोन’ मात्र काहीसा वेगळा ठरतो. त्याच्या कथेचे एक जनक गाय मॅनोस हे स्वतः मुरलेले स्कायडायव्हर असल्यामुळे उड्यांच्या तळावरची भाषा, आपसातली चुरस आणि नवख्याकडे पाहण्याची जुन्यांची नजर त्यात ओळखू येते, जरी कथा गुन्हेगारांची आणि अतिरंजित असली तरी.

अलीकडच्या काळात सर्वाधिक चर्चा झाली ती ‘मिशन इम्पॉसिबल: फॉलआउट’ (2018) मधल्या उडीची. या उडीला लष्करी परिभाषेत ‘हेलो’ म्हणतात: फार उंचावरून बाहेर पडायचे आणि शत्रूच्या नजरेला कमीत कमी वेळ पडावे म्हणून पॅराशूट फार खाली उघडायचे. टॉम क्रूझ यांनी अबू धाबीत, सी-17 या मालवाहू विमानातून 25,000 फुटांवरून हे दृश्य दिले. त्यासाठी शंभराहून अधिक उड्या झाल्या आणि सूर्यास्ताचा हवा तसा प्रकाश दिवसातून काही मिनिटेच मिळत असल्याने दिवसाला एकच प्रयत्न करता येत असे. खरे कौतुक करायला हवे ते क्रेग ओब्रायन यांचे, कारण शिरस्त्राणावर कॅमेरा बांधून ते पाठमोरे विमानाबाहेर पडले आणि पडता पडता नायकाचा चेहरा अवघ्या काही फुटांवरून स्पष्ट टिपत राहिले. इतक्या उंचीवर प्राणवायू विरळ असतो आणि दाब एकदम घटल्याने रक्तातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याची भीती असते, म्हणून उडीपूर्वी बराच वेळ शुद्ध प्राणवायू श्वासात घ्यावा लागतो. कथेतली माणसे पॅरिसवरच्या विजांच्या वादळात जशी उडी घेतात, तशी कोणत्याही जबाबदार तळावर घेऊ दिली जाणार नाही. चित्रणाची पद्धत कमालीची प्रामाणिक आणि कथेतला प्रसंग कमालीचा बेजबाबदार, असा हा दुहेरी नमुना आहे.

धोक्याच्या प्रश्नावर चित्रपटांचे उत्तर बहुधा एकच असते: पॅराशूट उघडत नाही, आणि उघडत नाही ते कुणीतरी त्यात फेरफार केल्यामुळे. असे गुन्हे प्रत्यक्षात घडलेले आहेत; 2006 मध्ये बेल्जियममध्ये एका महिलेचा त्यात बळी गेला आणि 2015 मध्ये ब्रिटनमध्ये एक महिला त्यातून वाचली, आणि दोन्ही प्रकरणांत न्यायालयांनी दोषींना शिक्षा दिल्या. पण ही दुर्मीळ उदाहरणे होत. पाठीवरच्या संचात नेहमी दोन पॅराशूट असतात. मुख्य पॅराशूट बिघडले तर ते एका मुठीने अंगापासून तोडून टाकता येते, आणि त्यासाठी बिल बूथ यांनी 1970 च्या दशकात तयार केलेली तीन कड्यांची रचना जगभर वापरली जाते. दुसरे, राखीव पॅराशूट प्रमाणित कारागिरानेच घडी घालून मोहोरबंद करायचे असते, आणि अमेरिकेत ते दर 180 दिवसांनी उघडून पुन्हा बांधावे लागते. माणूस बेशुद्ध पडला किंवा उंचीचे भान विसरला, तर ठरलेल्या उंचीवर राखीव पॅराशूट आपोआप उघडणारे सायप्रेस हे जर्मन यंत्र 1991 पासून उपलब्ध आहे. योगायोग असा की ‘पॉइंट ब्रेक’ही त्याच वर्षीचा. 

या साधनांचा परिणाम आकड्यांतही दिसतो. अमेरिकेत 1970 च्या दशकात या खेळात वर्षाला 40 हून अधिक मृत्यू होण्याची वर्षे आली होती. 2023 मध्ये सुमारे 36 लाख उड्यांमागे ही संख्या 10 होती. आता होणाऱ्या अपघातांतला मोठा वाटा पूर्णपणे उघडलेल्या, निर्दोष पॅराशूटखाली घडतो, ही चित्रपटांनी कधी नीट न सांगितलेली गोष्ट आहे. डॉमिना जॅल्बर्ट यांनी 1960 च्या दशकात शोधलेल्या, हवा भरून पंखासारख्या होणाऱ्या आयताकृती पॅराशूटने जुन्या गोल छत्रीची जागा घेतली, आणि उतरणारा माणूस वाऱ्याच्या हवाली न राहता वैमानिक झाला. याच वरदानातून नवा धोका उपजला: जमिनीजवळ तीव्र वळण घेऊन वेग वाढवायचा आणि त्या वेगात जमिनीलगत तरंगत उतरायचे, या प्रकारात उंचीचा अंदाज थोडा जरी चुकला तरी परिणाम भयंकर होतो. खलनायक नाही, तुटलेली दोरी नाही, फक्त कुशल माणसाचा क्षणभराचा चुकलेला निर्णय आहे. पटकथाकारांना यात नाट्य दिसत नाही, याचे आश्चर्य वाटते.

झोया अख्तर यांच्या ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ने (2011) हिंदी प्रेक्षकांपुढे हा खेळ मैत्रीच्या सहलीचा भाग म्हणून ठेवला. फरहान अख्तरने रंगवलेल्या इम्रानचे उंचीचे भय त्यात विश्वसनीय आहे, कारण भीतीचा कळस विमानाचे दार उघडते तेव्हाच असतो. बाहेर पडल्यावर पोटात खड्डा पडल्याची भावनाही बहुधा येत नाही, कारण विमानाचा पुढचा वेग शरीराला आधीच मिळालेला असतो. याउलट मराठी वाचकाला ठाऊक असलेल्या पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांची कारकीर्द कोणत्याही पटकथेपेक्षा अधिक धाडसी आहे: एप्रिल 2004 मध्ये त्यांनी आयुष्यातली पहिलीच उडी उत्तर ध्रुवावर, उणे 37 अंश तापमानात मारली, आणि 2018 मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून 13,000 फुटांवरून उडी घेतली. साडीचा एखादा पदर वाऱ्याने सुटून पॅराशूटच्या मुठीवर आला, तर काय होईल याचा विचार जमिनीवरच पुरता झालेला असावा लागतो, आणि या खेळाचे मर्म त्या आधीच्या विचारात आहे.

हे मर्म पडद्यावर क्वचितच येते. उड्यांच्या तळावरचा दिवस बराचसा वाट पाहण्यात जातो: वारा थांबण्याची वाट, ढग सरण्याची वाट, विमानात आपली पाळी येण्याची वाट. मधल्या वेळात मंडळी गुडघ्यांवर बसून पॅराशूटच्या घड्या घालतात, आकाशात करायच्या रचनेची जमिनीवर पावले टाकत उजळणी करतात, एकमेकांचे पट्टे तपासतात आणि प्रत्येक उडीची नोंदवहीत नोंद करतात. 100 वी उडी पूर्ण करणाऱ्याच्या तोंडावर क्रीमने भरलेली थाळी मारण्याची रीत अनेक ठिकाणी आहे, आणि एखादी गोष्ट प्रथमच करणाऱ्याने सर्वांना बिअर पाजायची असा संकेतही आहे. ‘मूनरेकर’मध्ये उडी मारलेल्या बी. जे. वर्थ यांनीच पुढे 2006 मध्ये थायलंडच्या उदोन थानी येथे जगभरच्या 400 जणांची एकमेकांना धरून केलेली रचना घडवून आणली. पाच लष्करी विमानांतून एकाच वेळी बाहेर पडलेल्या या लोकांची पूर्ण रचना 4.25 सेकंद टिकली. बोधीसारख्या बेभान बंडखोराला त्या 400 जणांत उभे राहू दिले गेले नसते, कारण एकाने जागा चुकवली तर उरलेल्या 399 जणांचा जीव धोक्यात येतो.

या वृत्तीच्या सर्वांत जवळ जो चित्रपट जातो, तो जॉन फ्रँकनहायमर यांचा 1969 चा ‘द जिप्सी मॉथ्स’ होय. कॅन्सासमधल्या एका लहान गावात हवाई कसरती दाखवायला आलेले तीन भटके स्कायडायव्हर, त्यांतला बर्ट लँकेस्टर यांनी साकारलेला अबोल वडीलधारा, आणि कार्ल बोएनिश यांनी गोल पॅराशूटच्या काळात टिपलेली हवाई दृश्ये, या सगळ्यांत थरारापेक्षा थकवा अधिक आहे. हातापायांना कापडी पंख बांधून घेण्याची जी कसरत त्यात आहे, तशा पंख लावून केलेल्या कसरतींनी क्लेम सोन यांचा 1937 मध्ये आणि लिओ व्हॅलेंटिन यांचा 1956 मध्ये बळी घेतला होता. लँकेस्टर यांचे पात्र पॅराशूट उघडतच नाही, आणि त्याने तसे का केले हे चित्रपट सांगत नाही. कथेसाठी हे मौन योग्यच आहे, पण या खेळाचा खरा समाज त्याच्या अगदी उलट वागतो: अमेरिकेतली स्कायडायव्हरांची राष्ट्रीय संघटना आपल्या नियतकालिकात प्राणघातक अपघातांचे विवरण छापते, ज्यात माणसाचा अनुभव, हवामान, कोणत्या उंचीवर काय केले गेले आणि त्याऐवजी काय करता आले असते हे लिहिलेले असते, आणि पुढच्या शनिवारी विमानात चढणारी मंडळी ते वाचूनच तळावर येतात.