छायाप्रतींचे रक्षण

पालमसारख्या गावी दोन-तीन संगणक जोडून पोथ्यांच्या छायाप्रती जतन करणाऱ्या संग्राहकांस आमची एक विनंती आहे. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला होऊन ग्रंथ-हस्तलिखितांची नासधूस झाली. एकाच वास्तूतील संग्रह किती असुरक्षित असतो, हे त्यावरून दिसून आले. उलटपक्षी, त्याच संस्थेस महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९६६ साली पूर्ण करता आली, ती शारदा ते मल्याळम् लिप्यांतील प्रती दूरदूरच्या प्रांतीं टिकल्या होत्या म्हणूनच. यास्तव प्रत्येक छायाप्रतीच्या तीन प्रती कराव्या. त्या दोन भिन्न साधनांवर असाव्या व एक परगावी ठेवावी. नक्कल होतांच साधन संगणकापासून अलग करावे; एरव्ही एकाचा बिघाड दुसऱ्यांत शिरतो. शिवाय प्रतिवर्षी ती निराळ्या यंत्रावर उतरवून वाचून पाहावी. उघडून न पाहिलेल्या नकलेचा भरवसा आम्ही तरी धरीत नाही.