‘फू’ या एका शब्दात किती आजार?

मनाच्या आजारासाठी आपल्या घरांत शब्द फार थोडे आहेत. आजी म्हणते, ‘डोके फिरले.’ शेजारी क्रेओलमध्ये म्हणतात, ‘लिन विन फू.’ शाळेच्या अंगणात भांडणारी मुले तर एकमेकांना बो बासँच्या रुग्णालयाच्या नावानेच चिडवतात. ज्यांचे नाव त्या रुग्णालयाला दिले आहे, ते शार्ल एदुआर ब्राउन-सेकार १८१७ साली आपल्याच पोर्ट लुईत जन्मले. मज्जारज्जूवरील संशोधनाने ते जगभर गाजले आणि १८५४ च्या पटकीच्या साथीत त्यांनी या बेटावर रोग्यांची सेवा केली. अशा माणसाचे नाव शिवीसारखे वापरावे हे वाईटच. पण आम्हांला त्याहून मोठे नुकसान दिसते ते दुसरे. एकाच शब्दाखाली आपण पाच-सहा निरनिराळे आजार कोंबतो, आणि मग कोणत्या माणसाला आज रात्रीच डॉक्टरकडे न्यायचे व कोणाशी आधी शांतपणे बोलायचे, हे घरातल्यांना कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०१९ साली जगात ९७ कोटी लोकांना कोणता ना कोणता मनोविकार होता, म्हणजे आठांत एकाला. तेव्हा आपल्या कुळात असे काही नाही, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी जरा थांबून मोजावे.

यांत सर्वांत जास्त माणसे चिंतेच्या विकाराची आहेत. आम्ही शिक्षक मंडळी एस.सी. आणि एच.एस.सी.च्या परीक्षा जवळ आल्या की घाबरलेली मुले दरवर्षी पाहतो. ती भीती परीक्षेबरोबर जाते आणि तिला आजार म्हणू नये. पण कारण असो वा नसो, महिनोन् महिने पोटात गोळा, झोप नाही, शाळेच्या फाटकाशी पाय अडतात, असे झाले की तो विकार समजावा. कधी अचानक छाती धडधडते, श्वास कोंडतो, आता मरणार असे वाटते आणि काही मिनिटांत लाट ओसरते. पहिल्या वेळी हृदयाची तपासणी जरूर करून घ्यावी. हृदय ठीक निघाले तर ‘ढोंग करतो’ असे मात्र म्हणू नये, कारण ती भीती खरी असते.

मराठीत ‘मंत्रचळ’ हा एक फार नेमका जुना शब्द आहे. हात धुतले तरी पुन्हा धुवायचे, कुलूप लावले तरी दहादा ओढून पाहायचे. आपण करतो ते व्यर्थ आहे हे त्या माणसाला बहुधा कळते, तरी थांबता येत नाही. सोवळ्याओवळ्याच्या घरात हा आजार वर्षानुवर्षे लपून राहतो. सून फार स्वच्छ आहे म्हणून तिचे कौतुकही होते!

नैराश्याविषयी जरा सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आपल्याकडे ते ओळखूच येत नाही. दुःख आणि नैराश्य एक नव्हे. घरात कोणी वारले तर माणूस रडतो, पण नातवाला पाहून मधूनच हसतोही. नैराश्यात मनाची चवच जाते. दोन आठवडे किंवा अधिक काळ, दिवसाचा बहुतेक वेळ, कशातच रस नाही, जेवण नकोसे, पहाटे तीनला जाग, लहानशा चुकीबद्दल मोठा अपराधीपणा. आमच्या वडीलधाऱ्या बायका ‘मी उदास आहे’ असे कधी म्हणत नाहीत. त्या म्हणतात ‘लातेत लुर’, डोके जड झाले, किंवा ‘लेकेर सेरे’, काळीज आवळते. मग डोकेदुखीच्या गोळ्या सुरू होतात आणि मूळ दुखणे तसेच राहते. थायरॉइड ग्रंथी मंदावल्यानेही असेच दिसू शकते, म्हणून रक्ततपासणी हवी. नैराश्यावरची गोळी लागू पडायला काही आठवडे लागतात. आठव्या दिवशी ‘गुण नाही’ म्हणून ती फेकणारे पुष्कळ आहेत. आणि माणूस मरणाची भाषा करू लागला तर त्याला सरळ विचारावे, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

हाच माणूस कधी उलट्या टोकालाही जातो. चार दिवस दोन-दोन तास झोपूनही थकत नाही, अखंड बोलतो, घर गहाण टाकून धंदा काढायला निघतो. याला द्विध्रुवी विकार म्हणतात. अशा वेळी घरचे खूश असतात, की पोरगा एकदाचा बरा झाला! ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ साली लिथियमचा गुण दाखवून दिला आणि ते औषध आजही दिले जाते, मात्र रक्तातील प्रमाण वेळोवेळी तपासून.

राहिला स्किझोफ्रेनिया, ज्याला मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. एका शरीरात दोन माणसे, असा त्याचा अर्थ नव्हे. हा गैरसमज चित्रपटांनी फार पसरवला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा २००४ चा चित्रपट मात्र अपवाद आहे. कोकणातले ते घर आपल्या घरांना परके वाटणार नाही. हा आजार बहुधा ऐन तारुण्यात येतो आणि हळूहळू येतो. हुशार मुलगा मित्र सोडतो, अंघोळ टाळतो, खोलीत बसतो. मग कोणी नसताना आवाज ऐकू येतात, शेजारी आपल्या विरुद्ध कट करतात अशी खात्री होते. वाद घालून ती खात्री जात नाही. १९५२ पासून यावर औषधे आहेत, आणि उपचार जितके लवकर तितका फायदा अधिक. आपल्याकडे मात्र या पहिल्या वर्षात काय होते? ‘लग्न करून द्या, सुधारेल.’ आम्ही स्पष्टच लिहितो, हे औषध नव्हे. आजार लपवून दुसऱ्याची मुलगी घरात आणायची आणि पुढे बिघडले की तिचाच पायगुण काढायचा, हा अन्याय आपल्या समाजात झाला आहे.

काही वाचक म्हणतील, यात लोंगानिस असू शकत नाही का? कोणाच्या श्रद्धेशी आमचे भांडण नाही. सणाच्या दिवशी, सर्वांसमोर, परंपरेप्रमाणे एखाद्याच्या अंगात येते आणि नंतर तो आपल्या कामाला लागतो, याला वैद्यकशास्त्रही आजार म्हणत नाही. २०२२ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात तसे स्पष्ट लिहिले आहे. प्रार्थना करावी, अंगारा लावावा. पण मांत्रिकाने गोळ्या बंद करायला सांगितले तर तेवढे ऐकू नये.

दोन प्रसंगी तर एक रात्रही वाट पाहू नये. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत आई असंबद्ध बोलू लागली, झोपेना, बाळाविषयी भलतेच काही सांगू लागली, तर ती बाधा नसून तातडीचा आजार आहे. हजारात एक-दोन बाळंतिणींना तो होतो आणि उपचाराने बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात. दुसरा प्रसंग रमचा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली आणि दोन-तीन दिवसांत हात थरथरू लागले, भिंतीवर किडे दिसू लागले, तर जिवाला धोका असतो. घरात कोंडून ‘उतरेल’ म्हणणे चुकीचे आहे.

सरकारी रुग्णालयांत उपचारांना पैसे पडत नाहीत, आणि प्रत्येकाला बो बासँलाच जावे लागते असेही नाही. प्रादेशिक रुग्णालयांतही मनोविकारांचे डॉक्टर तपासतात. जाताना एका कागदावर झोपेचे तास, खाणे, कधीपासून बदल झाला, कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि कुटुंबात पूर्वी कोणाला असे झाले होते का, एवढे लिहून न्यावे. आजी ज्या शब्दांत दुखणे सांगते तेच शब्द डॉक्टरला सांगावेत. ‘लेकेर सेरे’ म्हणजे काय, ते त्यांनाही कळते.